एंटरप्राइझ ॲक्सेस पॉइंट: सिक्युरिटी आणि रेडिओची कुठली फीचर्स चालू ठेवायची, कुठली बंद?

खटपट्या

मंडळी, ऑफिसातले जुने ॲक्सेस पॉइंट (वायफाय सोडणारे डबे) काढून नवे लावलेत, सगळे वायफाय ६ई (म्हणजे ६ गिगाहर्ट्झवरही बोलणारे), एकाच कंट्रोलरवरून चालणारे. जुना कारभार सोपा होता, एकच पासवर्ड सगळ्यांना आणि चॅनेल काय असेल ते असेल. आता नव्या कंट्रोलरचं पान उघडलं की टिक करायला इतके चौकोन दिसतात की काय सांगू, डब्ल्यूपीए३ ट्रान्झिशन, पीएमएफ, रोग (म्हणजे परका पॉइंट) डिटेक्शन, कंटेनमेंट, बँड स्टीअरिंग, डीएफएस, ८०२.११ चे के व्ही आर वगैरे. बसवायला आलेला इंजिनिअर म्हणाला सगळं ऑटोवर ठेवा, मशीन तुमच्यापेक्षा शहाणं आहे, आणि गेला.

आता तक्रारी ऐका. एक, व्हिडिओ कॉल चालू असताना अख्खी मीटिंग रूम एकदम बाहेर फेकली जाते आणि मिनिटभराने परत येते. दोन, गोडाऊनमधले बारकोड स्कॅनर नव्या नेटवर्कला जोडायलाच तयार नाहीत, नाव दिसतं, पासवर्ड बरोबर आहे, तरी नाही. तीन, साहेबांना कुणीतरी सांगितलंय की आजूबाजूचे हॉटस्पॉट बंद पाडायची सोय यात आहे, ती चालू करा म्हणून रोज मागे लागलेत. जाणकारांनी प्रकाश पाडावा.

बिनतारी

माहिती अर्धवट आहे राव. ५ गिगाहर्ट्झला चॅनेलची रुंदी किती ठेवलीय? डीएफएस चॅनेल चालू आहेत का? एसएसआयडी (वायफायची नावं) किती? मिनिमम डेटा रेट (सगळ्यात हळू किती वेगाने बोलू देता तो) काय? पॉवरला वरची-खालची मर्यादा घातलीय का? आणि मीटिंग रूम पडते त्या वेळचा लॉग काढा आधी, बाकी गप्पा नंतर.

खटपट्या

रुंदी ८०, डीएफएस चालू, एसएसआयडी सहा (स्टाफ, गेस्ट, स्कॅनर, कॅमेरे, साहेब लोकांचं वेगळं, आणि एक जुनं आहे जे कुणी वापरतं की नाही माहीत नाही पण बंद करायची हिंमत होत नाही). मिनिमम रेट जो आला तोच, म्हणजे १ एमबीपीएस. पॉवर ऑटो, पण बघावं तर बहुतेक पॉइंट जवळजवळ फुल्लवर बसलेत. लॉगमध्ये त्या वेळेला "रडार डिटेक्टेड" असं येतंय. आमच्याकडे कुठलं आलंय रडार?

बिनतारी

घ्या, सापडलं. ५ गिगाहर्ट्झमधले ५२ ते ६४ आणि १०० ते १४४ हे डीएफएसचे चॅनेल आपले एकट्याचे नाहीत, हवामान खात्याची, विमानतळाची, लष्कराची रडारं तिथे आधीपासून बसलेली आहेत. नियम असा की ॲक्सेस पॉइंटला तिथे रडारसारखा पल्स ऐकू आला की त्याने १० सेकंदांत चॅनेल सोडायचा आणि पुढची ३० मिनिटं तिकडे फिरकायचं नाही. बरं उडी मारून गेला तो चॅनेलही डीएफएसचाच निघाला तर तिथे बोलायच्या आधी ६० सेकंद नुसतं कान देऊन बसावं लागतं. तुमचं "मिनिटभराने परत येतं" ते हेच. युरोपात तर १२०, १२४, १२८ या चॅनेलवर हवामानाच्या रडारमुळे १० मिनिटं थांबावं लागतं, म्हणजे तिथे कुणी या चॅनेलवर मीटिंग रूम ठेवली तर मीटिंगच संपेल.

आता रुंदी ८० म्हणजे २० चे चार तुकडे एकत्र बांधलेले. रडार त्यातल्या कुठल्याही एका तुकड्यात ऐकू आलं तरी चारही सोडून पळावं लागतं, म्हणजे जितका रुंद चॅनेल तितकी ही भानगड जास्त. वर २० वरून ८० वर गेलं की नॉइज (मागचा गोंगाट) ६ डीबीने, म्हणजे चौपट वाढतो, तेवढा सिग्नल-नॉइजमधला फरक गेलाच. आणि डीएफएस सोडून ८० रुंदीचे चॅनेल उरतात किती? ३६ पासून एक आणि १४९ पासून एक, तेही तुमच्या देशात १४९ च्या वरचे खुले असतील तर. दोन चॅनेलवर अख्खा मजला चालवणार म्हणजे सगळे पॉइंट एकमेकांची बडबड ऐकत गप्प बसणार. २० वर या, फार तर ४०. स्पीडटेस्टचा आकडा खाली येईल, त्यावर साहेब ओरडतील, ओरडू दे.

रात्रपाळी

बिनतारींशी अर्ध्यावर सहमत. रुंदी कमी करा हे शंभर टक्के, पण डीएफएस सरसकट बंद करायची घाई नको. २० रुंदीने डीएफएसशिवाय ३६ ते ४८ चे चार आणि १४९ ते १६५ चे पाच, एवढेच नऊ मिळतात, दाट बसवलेल्या मजल्यांना ते पुरत नाहीत, खालचा-वरचा मजलाही ऐकू येतो हे विसरू नका. त्यापेक्षा लॉग महिनाभर चाळा. कुठल्या चॅनेलवर किती वेळा रडार आलंय आणि कुठल्या पॉइंटवर आलंय ते वेगळं काढा. खिडकीकडचे आणि वरच्या मजल्यावरचे चार-पाच पॉइंट एकाच सुमारास एकाच चॅनेलवर ओरडत असतील तर रडार खरं आहे, तो चॅनेल यादीतून कायमचा उडवा. पण मधल्या खोलीतला एकटाच पॉइंट रोज रडार पाहतोय आणि त्याच्या बाजूच्याला काही दिसत नाही, तर ते रडार नव्हेच, खोटा अलार्म आहे, बरेचदा फर्मवेअरचा दोष असतो किंवा जवळचं एखादं उपकरण घाण सोडत असतं.

दुसरं, "मशीन शहाणं आहे" या वाक्यावर माझा कायमचा राग आहे. ऑटो पॉवर ठरवतं कसं ते बघा ना. पॉइंट एकमेकांना ठराविक वेळाने हाका मारतात आणि शेजाऱ्याची हाक किती जोरात ऐकू आली त्यावरून स्वतःचा आवाज कमी-जास्त करतात. म्हणजे मोजलं जातं ते पॉइंट ते पॉइंट, फोन ते पॉइंट नव्हे! पॉइंट छताला टांगलेले, मोकळा हॉल असला तर छताखालून एकमेकांना छान ऐकतात आणि पॉवर इतकी पाडतात की खाली टेबलाशी बसलेल्या माणसाला सिग्नल पुरत नाही. उलट खटपट्यांकडे मधे जाड भिंती असणार, एकाला दुसरा ऐकूच येत नाही, म्हणून प्रत्येकाला वाटतं आपण एकटेच आहोत आणि सगळे फुल्लवर. फुल्ल पॉवरचा तोटा असा की पॉइंट ओरडतो २०-२३ डीबीएमने (सिग्नलच्या ताकदीचं माप) आणि बिचारा फोन उत्तर देतो १२-१५ ने. फोनवर काड्या भरलेल्या, पण फोनचं बोलणं पॉइंटपर्यंत पोचत नाही. लोक म्हणतात "रेंज फुल्ल आहे पण नेट नाही", ते हेच. शिवाय फोन लांबच्या पॉइंटला चिकटून बसतो, जवळच्याकडे जातच नाही.

म्हणून ऑटो ठेवा पण कुंपण घालून. ५ गिगाहर्ट्झला वरची मर्यादा १५-१७ डीबीएमच्या आसपास, खालची ११-१२, आणि २.४ त्याच्यापेक्षा साधारण ६ डीबी खाली. २.४ ला चॅनेल फक्त १, ६, ११. प्रत्येक पॉइंटचा २.४ चा रेडिओ चालू असलाच पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही, दर दोन-तीन पॉइंटमागे एकाचा ठेवला तरी चालतं. चॅनेल बदलायची परवानगी फक्त रात्री द्या, अगदी रडार आलं किंवा चॅनेल पार खराब झाला तरच दिवसा.

डेसिबल

सहा एसएसआयडी आणि १ एमबीपीएस वाचून चहा सांडला. हा हिशोब एकदा कागदावर कराच.

प्रत्येक एसएसआयडी दर १०२.४ मिलिसेकंदांनी एक बीकन सोडतो, कुणी जोडलेलं असो वा नसो. बीकन धरा ३०० बाइट, म्हणजे २४०० बिट. १ एमबीपीएसने ते पाठवायला २.४ मिलिसेकंद, वर प्रिॲम्बलचे (सुरुवातीच्या इशाऱ्याचे) ०.२, झाले २.६. गुणिले सहा म्हणजे साडेपंधरा मिलिसेकंद. १०२ पैकी साडेपंधरा, म्हणजे हवेतला १५ टक्के वेळ नुसतं "मी आहे, मी आहे" म्हणण्यात गेला, एका पॉइंटचा. आता २.४ ला चॅनेल तीनच, त्यामुळे एकाच चॅनेलवरचे तीन पॉइंट एकमेकांना ऐकणार हे ठरलेलं. झाले ४५ टक्के. अजून एकाही माणसाने एकही मेल उघडलेला नाही!

मिनिमम रेट १२ एमबीपीएस करा, तोच बीकन ०.२२ मिलिसेकंदांत जातो, सहाचे मिळून सव्वा टक्क्याच्या आसपास. शिवाय लांबून चिकटून बसलेले फोन आपोआप सुटतात कारण त्यांना १२ ने बोलणं जमत नाही. आणि एसएसआयडी तीनवर आणा. साहेबांचं वेगळं नाव कशाला, रेडियसवरून (लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरवरून) त्यांना वेगळा व्हीलॅन (त्याच तारांवरचं वेगळं नेटवर्क) देता येतो, नाव एकच राहू दे.

चौथा_मजला

वाचनखूण साठवली. ते साहेब लोकांचं वेगळं नाव बंद करून दाखवा आधी, मग बोलू. हलकेच घ्या.

कुलूपकिल्ली

रेडिओवर छान चाललंय, मी सिक्युरिटीच्या बाजूने येते.

स्कॅनर जोडत नाहीत त्याचं कारण बहुधा पासवर्ड नाहीच. डब्ल्यूपीए२ म्हणजे वायफायच्या कुलपाची जुनी पद्धत, डब्ल्यूपीए३ नवी. ट्रान्झिशन मोडमध्ये एकच एसएसआयडी बीकनमध्ये सांगतो की मी डब्ल्यूपीए२ ची पद्धतही घेतो आणि डब्ल्यूपीए३ ची एसएई (पासवर्ड तपासायची नवी रीत) पण घेतो, आणि पीएमएफ (जोडणी-तोडणीच्या फ्रेमचं संरक्षण) असेल तर बरं, नसेल तरी चालेल. नव्या फोनला हे कळतं. जुन्या स्कॅनरचा ड्रायव्हर ती यादी वाचतो, अनोळखी नोंद दिसली की गोंधळतो आणि गप्प बसतो. ८०२.११आर (एका पॉइंटवरून दुसऱ्यावर पटकन जायची सोय) चालू असेल तर यादीत आणखी एक नोंद वाढते, माझ्या अनुभवात जुनी उपकरणं या आरमुळेच जास्त अडतात. म्हणून आधी स्कॅनरच्या एसएसआयडीवर आर बंद करून बघा, मग पीएमएफ बंद, मग ट्रान्झिशन काढून साधं डब्ल्यूपीए२. एकेक करून, सगळं एकदम नको, नाहीतर नेमकं कशाने चाललं ते कळणार नाही. आणि त्या एसएसआयडीचा व्हीलॅन फायरवॉलवर आवळून टाका, स्कॅनरला त्याचा सर्व्हर दिसला पाहिजे, बाकी काही नाही. या जुन्या डब्यांना २०१७ मध्ये सापडलेल्या क्रॅक नावाच्या डब्ल्यूपीए२ च्या भगदाडाचा पॅचही मिळालेला नसतो बरेचदा, त्यामुळे ते फुटणारच असं धरून चाला.

ट्रान्झिशन मोड म्हणजे डब्ल्यूपीए३ आलं असं समजून कुणी निर्धास्त राहू नका. २०१९ मध्ये ड्रॅगनब्लड नावाने जे संशोधन आलं त्यात हेही दाखवलं होतं की त्याच नावाचा नुसता डब्ल्यूपीए२ वाला खोटा पॉइंट उभा केला की डिव्हाइस खाली उतरून त्याच्याशी जुन्या पद्धतीने हँडशेक (जोडणीची पहिली देवघेव) सुरू करतं, तेवढा हँडशेक पकडला की घरी बसून पासवर्ड ओळखत बसायचा. एसएईचा सगळा फायदा हाच होता की घरी बसून ओळखता येत नाही, तो गेला. त्यामुळे ट्रान्झिशन ठेवायचा तर पासवर्ड लांबलचक हवा.

६ गिगाहर्ट्झवर हा प्रश्नच नाही. तिथे डब्ल्यूपीए२ ला आणि ट्रान्झिशनला प्रवेशच नाही, पीएमएफ सक्तीचं. उघडं गेस्ट नेटवर्क द्यायचं असेल तरी ओडब्ल्यूई लागतं, म्हणजे पासवर्ड नसला तरी हवेतला डेटा एन्क्रिप्ट होतो.

आता स्टाफचं. एवढ्या माणसांना एक पासवर्ड हे बंद करा, कुणी नोकरी सोडून गेला की पासवर्ड त्याच्याबरोबर जातो. ८०२.१एक्स वर जा, म्हणजे प्रत्येकाचं स्वतंत्र लॉगिन. आणि तिथेही युजरनेम-पासवर्डवाल्या पीईएपीवर थांबू नका. त्याच्या आत एमएसचॅपव्ही२ (पासवर्ड तपासायची जुनी रीत) असतं आणि ते २०१२ मध्येच डेफकॉन या हॅकरांच्या संमेलनात उघडं पडलं, सगळी ताकद एका डीईएस (जुन्या, कमकुवत एन्क्रिप्शनच्या) किल्लीएवढी उरते हे दाखवलं होतं. ते ज्या टीएलएसच्या एन्क्रिप्टेड बोगद्यातून जातं तो बोगदा पक्का असेल तरच खैर, आणि बोगदा पक्का कधी? फोनने सर्व्हरचं सर्टिफिकेट तपासलं तर. इथेच सगळे माती खातात. सर्टिफिकेटची चेतावणी आली की "कनेक्ट" दाबा असं हेल्पडेस्कच लोकांना शिकवतो! मग पार्किंगमध्ये कुणी तुमच्याच नावाचा पॉइंट लावून बसला की सगळे फोन त्याला मुकाट हँडशेक देतात. अँड्रॉइड ११ च्या डिसेंबर २०२० च्या अपडेटपासून पिक्सेलवर तो "तपासू नका" पर्याय काढून टाकला तेव्हा आमच्याकडे किती आरडाओरडा झाला होता, पण केलं ते बरोबरच केलं. ईएपी-टीएलएस करा, प्रत्येक लॅपटॉपला स्वतःचं सर्टिफिकेट, चोरायला पासवर्डच नाही.

खटपट्या

कुलूपकिल्ली ताई, कंपनीचे लॅपटॉप आमच्या ताब्यात आहेत, त्यांना सर्टिफिकेट ढकलता येईल. लोकांच्या स्वतःच्या फोनचं काय? त्यांना मॅक ॲड्रेसवरून (फोनच्या वायफायच्या ओळख क्रमांकावरून) परवानगी दिली तर?

कुलूपकिल्ली

मॅक फिल्टर विसरा. अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयओएस १४ (२०२०) पासून फोन प्रत्येक नेटवर्कला वेगळा बनावट मॅक दाखवतो, तुमच्या यादीचा कचरा होईल. आणि मॅक हवेत उघडाच फिरतो, ज्याला नक्कल करायचीय तो दोन मिनिटांत करतो. स्वतःच्या फोनला इंटरनेटच हवं असतं ना? मग गेस्टसारखा वेगळा व्हीलॅन, क्लायंट आयसोलेशन (एका फोनला दुसरा दिसू नये म्हणून) चालू, आणि कंट्रोलरमध्ये सोय असेल तर माणसागणिक वेगळा पीएसके (वायफायचा पासवर्ड). माणूस गेला की त्याचीच किल्ली रद्द, बाकीच्यांना त्रास नाही. एक अडचण सांगून ठेवते, हा माणसागणिक पीएसके सहसा डब्ल्यूपीए२ वरच नीट चालतो. तिथे हँडशेक आला की यादीतल्या किल्ल्या एकेक लावून बघता येतं, एसएईमध्ये पासवर्ड कुठला ते सुरुवातीलाच माहीत असावं लागतं. म्हणून असे फोन ६ गिगाहर्ट्झवर येतील ही अपेक्षा ठेवू नका.

रात्रपाळी

साहेबांच्या हॉटस्पॉट-मारो योजनेबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून मी बोलतो. नका करू!

त्या सोयीचं नाव कंटेनमेंट. ते करतं काय तर दुसऱ्याच्या पॉइंटच्या नावाने खोट्या डीऑथ फ्रेम सोडतं, म्हणजे क्लायंटला वाटतं समोरच्यानेच फोन ठेवला. अमेरिकेत मॅरियटच्या नॅशव्हिलमधल्या हॉटेलात पाहुण्यांचे स्वतःचे हॉटस्पॉट असेच पाडले जायचे, २०१४ मध्ये तिथल्या एफसीसीने (दूरसंचार नियामकाने) ६ लाख डॉलर दंड लावला. पुढच्या वर्षी स्मार्ट सिटी नावाच्या कंपनीला संमेलनांच्या जागी हेच केल्याबद्दल साडेसात लाख. साहेबांना हे दोन आकडे दाखवा, मागे लागायचं थांबतील.

आणि गंमत म्हणजे समोर पीएमएफ असेल तर हे चालतही नाही. पीएमएफ, म्हणजे २००९ चं ८०२.११डब्ल्यू, डीऑथ फ्रेमवर सही मागतं, तुमच्याकडे किल्ली नाही, फ्रेम फेकून दिली जाते.

सरळरेषा

पण आमच्या ऑडिटवाल्यांनी लिहून दिलंय की रोग कंटेनमेंट चालू हवं. त्यांना काय सांगायचं?

रात्रपाळी

त्यांना विचारा रोग म्हणजे कोण. शेजारच्या ऑफिसचा पॉइंट ऐकू आला म्हणून तो रोग होत नाही, तो शेजारी. खरा रोग तो जो आपल्या केबलला लागलेला आहे, म्हणजे कुणीतरी घरचा राउटर आणून टेबलाखालच्या पोर्टला लावला. चांगले कंट्रोलर हवेत दिसलेला मॅक आणि स्विचवर दिसलेला मॅक जुळवून "वायरवर आहे" असं सांगतात. तसा सापडला तर हवेत मारामारी कशाला, स्विचचा पोर्ट बंद करा, विषय संपला. दुसरा धोकादायक प्रकार म्हणजे आपलंच एसएसआयडी नाव घेऊन बसलेला परका, त्याचा अलर्ट मोबाइलवर यायलाच हवा, मग माणूस पाठवून शोधायचा. बाकीच्या शेकडो शेजाऱ्यांचे अलर्ट बंद करा नाहीतर खऱ्या अलर्टकडे कुणी बघणार नाही.

यासाठी ऐकणारा वेगळा रेडिओ असलेले पॉइंट मिळतात. तो नसेल तर पॉइंट आपला चॅनेल सोडून क्षणभर दुसरीकडे कान लावून परत येतो, त्या क्षणात व्हॉइस कॉल अडखळू शकतो. व्हॉइस चालू असताना स्कॅन पुढे ढकलायची सेटिंग असते, ती चालू आहे ना बघा.

डेसिबल

दोन फुटकळ गोष्टी. पॉइंट ज्या स्विच पोर्टला लागतो तो ट्रंक असतो, सगळे व्हीलॅन तिथे येतात. कॉरिडॉरमधला पॉइंट काढून कुणी लॅपटॉप लावला तर? एवढं ८०२.१एक्स करून मागचं दार सताड उघडं. पॉइंटलाही पोर्टवर ऑथेंटिकेट करायला लावा, किंवा ट्रॅफिक कंट्रोलरपर्यंत टनेलने नेत असाल तर पोर्टवर फक्त मॅनेजमेंटचा व्हीलॅन ठेवा.

दुसरं, खटपट्या, स्विच जुनेच आहेत का? पॉइंटला वीज नेटवर्कच्या केबलमधूनच येते, आणि जुन्या ८०२.३एएफ पोर्टवर १५.४ वॉटच मिळतात, ६ई चे तीन रेडिओवाले बरेच पॉइंट त्यात भागत नाहीत आणि गुपचूप अँटेनाच्या साखळ्या कमी करतात किंवा ६ गिगाहर्ट्झचा रेडिओच बंद ठेवतात. डॅशबोर्डवर पॉइंट हिरवाच दिसतो! पॉवर मोड काय लिहिलाय ते एकेक उघडून बघा.

खटपट्या

लोकहो, सगळ्यांचे आभार. तळमजल्याचे स्विच एएफचेच निघाले, तिथल्या पॉइंटचा ६ गिगाहर्ट्झ बंदच होता आणि आम्ही स्टाफला "६ई आलं" म्हणून मेल पाठवून बसलेलो. रडार एकाच पॉइंटला दिसत होतं, मीटिंग रूमच्या, बाजूच्या कुणालाच नाही. त्याला ३६ वर बांधून टाकलं, फर्मवेअरची नवी आवृत्ती येईपर्यंत. रुंदी ४०. साहेबांचं एसएसआयडी अजून आहे, चौथा_मजला जिंकले. कंटेनमेंटवर मात्र ६ लाख डॉलरचा आकडा कामी आला.

स्कॅनर आर बंद केल्याबरोबर जोडले गेले, पीएमएफला हात लावावाच लागला नाही. पण मिनिमम रेट १२ केला तर त्यातले काही जुने परत गेले. आता?

डेसिबल

ते जुने ८०२.११बी (वायफायची अगदी जुनी पिढी) चे असणार, त्यांना १, २, ५.५ आणि ११ एवढंच येतं, १२ त्यांच्या भाषेतच नाही. जी किंवा एन (पुढच्या पिढ्या) वाले असते तर १२ ला जोडले असते. गोडाऊनमधल्या पॉइंटपुरती वेगळी रेडिओ प्रोफाइल करा, तिथे मिनिमम ११ ठेवा, १, २, ५.५ बंद, आणि बाकी इमारतीत १२ राहू दे. ११ ने बीकन तेवढा काही महाग पडत नाही. मात्र त्या प्रोफाइलवर स्कॅनरशिवाय दुसरा एसएसआयडी २.४ ला सोडू नका.

बिनतारी

आणि स्टाफच्या एसएसआयडीवरही आर बंद केला असेल तर परत चालू करायला विसरू नका, ८०२.१एक्स वर गेलात की तो लागतोच. आर नसेल आणि किल्ली कॅशही होत नसेल तर पॉइंट बदलला की फोन रेडियसकडे पहिल्यापासून जाणार, चालता चालता कॉल तुटणार. के आणि व्ही (फोनला शेजारचे पॉइंट सुचवणाऱ्या सोयी) दोन्हीकडे राहिले तरी सहसा त्रास देत नाहीत.